बंद खोलीपुढचा नमस्कार

बोंग्नाम दादांच्या घराच्या पायरीवर बायकी, जांभळे रबरी बूट दिसले, तेव्हा आमच्या दोल्मे गावातल्या प्रत्येकाने ते पाहिले आणि प्रत्येकाने न पाहिल्यासारखं केलं. बूट पुसून लख्ख केलेले होते. टाचा दाराकडे, टोकं रस्त्याकडे. घरातली बाई आत आहे आणि आत्ता पाय घालून बाहेर येईल, अशा बेताने ठेवलेले. बूट उन्जूच्या आईचे होते. उन्जूची आई म्हणजे बोंग्नाम दादांची बायको, जोंगइम. ती त्या घरातून गेली त्याला तिसरा हिवाळा लागत होता.

सगळं क्रमाने सांगतो. मी इथल्या मच्छीमार सहकारी संस्थेत हिशेबाचं काम पाहतो, गाव मला मॅनेजर म्हणतं, पुढच्या वर्षी निवृत्त होईन, आणि क्रम सोडून बोलायची मला सवय नाही. जे मी डोळ्यांनी पाहिलं ते तसं सांगेन. जे दादांनी मागाहून सांगितलं ते त्यांचं म्हणून सांगेन.

बोंग्नाम दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठे. वडिलांकडून आलेली गिमची शेती त्यांची. समुद्रात जाळी बांधून शेवाळ वाढवायचं, ऐन थंडीत कापून आणायचं, धुऊन त्याचे कागदासारखे ताव वाळवायचे. पाण्यावरचं काम दादांचं, किनाऱ्यावरचं उन्जूच्या आईचं. दादांनी मारलेली गाठ वादळातही सुटत नाही, असा त्यांचा लौकिक. माणूस वाईट नव्हता. पिणं बेताचं, हात कधी उगारला नाही. फक्त जेवताना बोलायचे नाहीत. भात संपला की वाटीवर चमचा वाजवायचे. पाणी हवं असलं तरी चमचाच. सूप गार झालं असलं तरी चमचाच. उन्जूची आई आवाजावरून ओळखायची आणि हवं ते आणून ठेवायची. कापणीच्या दिवसांत आम्हीही त्यांच्याकडे जेवायला असायचो. “वहिनींना चमच्याची भाषा येते बरं का!” असं कोणीतरी म्हणायचं आणि आम्ही सगळे हसायचो. वहिनीही हसायच्या. निदान आम्हाला तसं वाटायचं. आमची पानं उठल्यावर त्या स्वयंपाकघरात उभ्यानेच, उरलेलं, गार झालेलं खायच्या. त्याकडे लक्ष द्यावं असं आमच्यापैकी कोणाला वाटलं नाही.

सासरा अंथरुणाला खिळला, त्याचं त्यांनी केलं. मग सासू खिळली, तिचंही केलं. सासूच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाची भांडी घासून पालथी घातली आणि हात पुसत त्या दादांना म्हणाल्या, “माझं इथलं काम संपलं. मी उन्जूकडे जाते.”

दादांना वाटलं, चार दिवसांसाठी जातेय. ते म्हणाले, “येताना टॉर्चची बॅटरी आण.”

त्या आल्याच नाहीत. ग्वांग्जू शहरात मुलीच्या घरी राहू लागल्या, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. घटस्फोट नाही, भांडण नाही, कागदपत्रं नाहीत. गावात दादा सांगत, “नातवाला सांभाळायला गेलीय.” आम्हीही तेच म्हणायचो. नातू हायस्कुलात बास्केटबॉल खेळतो आणि आमच्या बसथांब्याच्या छताला त्याचं डोकं लागतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तरीही सगळे म्हणायचे, हो हो, लहान मूल म्हणजे केवढं काम.

त्या वर्षी उझबेकिस्तानातल्या एका गावाशी आमच्या तालुक्याचं मैत्रीचं नातं जुळलं आणि शरदाच्या शेवटी तिथून दहा-बारा जणांचा गट येणार ठरलं. हॉटेल नाही, लोकांच्या घरीच उतरायचं. आमच्याबरोबर जेवायचं, झोपायचं, शेवटी सगळ्या गावाच्या किमचीच्या, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबी तिखट मसाल्यात मुरत घालायच्या कामाला हात लावायचा. तालुक्याच्या कार्यालयाची अट एकच: घरात नवरा-बायको दोघंही हवीत. घरांची जुळवाजुळव माझ्याकडे आली. गावसभेत नावं मागितली. हात वर होईनात. कोणाची सून बाळंत, कोणाचं न्हाणीघर नादुरुस्त. आणि मग मागच्या रांगेतून बोंग्नाम दादांचा हात वर गेला.

गावप्रमुख छताकडे बघू लागले. महिला मंडळाच्या अध्यक्ष सुन्दक ताई, वयाने सगळ्यांत मोठ्या आणि तोंडाने त्याहून, त्या वळून म्हणाल्या, “बोंग्नाम, उन्जूची आई येणार आहे का?”

“येईल की,” दादा म्हणाले. “घर तिचंच आहे.”

“विचारलंस तिला?”

“आपल्याच घरी यायला विचारायचं काय त्यात?”

दादांचं तोंड पाडायची कोणाची छाती नव्हती, आणि एक घर कमीच पडत होतं. मी नाव घेतलं.

दादांनी मागाहून सांगितलं, की त्यांचा हिशेब साधा होता. परदेशी पाहुणा घरी येणार म्हटल्यावर बायको येईल. तिच्या मानाचा प्रश्न आहे. आली की चार दिवस राहील. चार दिवस राहिली की पुढचं पुढे. त्यांनी फोन केला आणि म्हणाले, “पाहुणा येतोय.” ती म्हणाली, “मग त्याला जेवायला घाला,” आणि फोन ठेवला.

आता नाव मागे घ्यायचं म्हणजे सभेत जाऊन कारण सांगायचं. ते दादांच्याने होणार नव्हतं. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्यांनी बाजारातल्या भाज्या-चटण्यांच्या दुकानातून डबे भरून जेवण आणलं, बायकोच्या वाट्यांत काढलं, आणि प्लॅस्टिकचे डबे होडीच्या ताडपत्रीखाली लपवले. आतली खोली, म्हणजे बायकोची, ती गेल्यापासून बंद होती. तिथली जमीन तापवायचं बटण त्यांनी चालू केलं. बूट पुसून पायरीवर ठेवले.

त्यांच्या वाट्याला आलेला पाहुणा बख्तियोर. चाळिशीचा, शाळेत पोरांना कुस्ती शिकवणारा, मान आणि खांदे यांच्यामध्ये जागाच नाही असा. त्याला आमची भाषा येत होती, कारण तरुणपणी चार वर्षं तो इथल्या एका लोखंडी सुट्या भागांच्या कारखान्यात राबला होता. कारखान्यातली भाषा, त्यामुळे तो सगळ्यांना “मालक” म्हणायचा.

“मालक नको म्हणू रे, दादा म्हण,” बोंग्नाम दादा त्याची पिशवी घेत म्हणाले.

“बरं, दादा. आणि वहिनी?”

“तिची कंबर धरलीय. आत पडून आहे. उठता येत नाही, म्हणून बाहेर आली नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

“अरेरे,” बख्तियोर म्हणाला आणि आपोआप हळू बोलू लागला.

डुकराचं मांस तो खात नव्हता, ते दादांनी लक्षात ठेवून मासे आणले होते. जेवताना तो एकेक वाटी संपवी आणि बंद दाराकडे वळून म्हणे, “वहिनी, मुळ्याचं हे फारच छान झालंय!” मग पुन्हा, “वहिनी, कंबर धरलेली असताना एवढं केलंत, मला लाज वाटते!” दादा खाली बघून भात चिवडत राहिले. मग त्यांना आठवलं, आजारी माणसालाही जेवण लागतं. त्यांनी एक ताट वाढलं, दार किलकिलं करून आत गेले, आणि दार लावून घेतलं.

आता ताट रिकामं करायला हवं होतं. भरलेलं परत नेलं तर पाहुणा काळजी करेल. म्हणून दादा घडी घातलेल्या अंथरुणासमोर बसले आणि स्वतःच ते जेवू लागले, आवाज न करता. सूप गार झालं होतं. भात वरून कडक झाला होता. मला ते म्हणाले, “मॅनेजर, गार सूप इतकं खारट लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं.” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाची किटली घेऊन बाहेर आले, तर बख्तियोर कोट-टाय घालून आतल्या खोलीच्या दारासमोर उभा. आदल्या दिवशी तालुक्याच्या सभागृहात मीच पाहुण्यांना शिकवलं होतं, की घरातल्या मोठ्या माणसांना सकाळी नमस्कार करतात, आणि तो कसा करतात. मोठ्या मनाच्या माणसाने ते मनावर घेतलं होतं. त्याने दोन्ही हात कपाळाशी नेले, गुडघे टेकले, आणि एवढा धिप्पाड माणूस हळूहळू वाकून कपाळ जमिनीला लावून राहिला. मग तसाच गुडघ्यांवर बसून दाराशी बोलू लागला.

“वहिनी, चार वर्षं मी तुमच्या देशात होतो. कारखान्याची खोली, कारखान्याचं जेवण. मालक चांगले होते, पण त्यांच्या घराचं दार मी कधी पाहिलं नाही. कोणाच्याच घराचं नाही. परत गेल्यावर माझ्या आईने विचारलं, ‘त्या लोकांची घरं कशी असतात रे?’ मला सांगता आलं नाही. आई आता नाही. म्हणून मी या गटात नाव दिलं. तुम्ही आजारी असून मला घरात घेतलंत. देव तुमची कंबर बरी करो.”

दादा किटली धरून उभे. पाणी निवत होतं. बख्तियोर उठला, गुडघे झटकले आणि हसून म्हणाला, “बरोबर केला ना, दादा? मॅनेजरसाहेबांनी शिकवला.”

“बरोबर केलास,” दादा म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी दादा माझ्या कार्यालयात आले. खुर्ची पुढे केली तर बसेनात.

“मॅनेजर, त्याला दुसरीकडे हलव.”

“काय झालं? त्रास देतो का?”

“त्रास कसला! नमस्कार करतो.”

“कोणाला?”

दादांनी खिडकीबाहेर बघत सगळं सांगितलं. मी म्हणालो, “दादा, त्याला हलवायचं तर कारण सांगावं लागेल. त्यालाही आणि नव्या घरालाही. त्यापेक्षा वहिनींना आणा. उद्या किमचीच्या ओळीत घरटी एक बाई बसते. तुमच्या घरची जागा रिकामी राहिली, तर त्याला कळणारच.”

“येणार नाही ती.”

“नीट बोलून बघा. मी बाहेर जातो.”

“नको, थांब,” ते म्हणाले. त्यांना एकट्याने फोन करायची भीती वाटत होती असं मला वाटतं. त्यांनी फोन लावला. माझ्या खोलीत शांतता एवढी, की पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. मागे मोठ्या पातेल्यांचा खणखणाट.

“मी बोलतोय,” दादा म्हणाले.

“बोला.”

“उद्या किमची आहे.”

“माहीत आहे.”

“पाहुणा... तुझी चौकशी करतो.”

“माझ्याबद्दल काय सांगितलंत त्याला?”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, “कंबर धरलीय म्हणून सांगितलं.”

पलीकडे एक पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“धरलेलीच होती,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्हाला दिसली नाही.”

फोन बंद झाला. दादांनी तो खिशात घालायचा प्रयत्न केला, खिसा सापडेना. मी चहा मागवू का विचारलं. ते नको म्हणाले आणि गेले. जाताना दारात वाकून मला नमस्कार करून गेले. माझ्याहून मोठा माणूस, माझ्यापुढे असा कधी वाकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी गावच्या सभागृहाच्या अंगणात किमचीचं काम. मिठात मुरवून धुतलेले कोबी डोंगरासारखे रचलेले, लांबच लांब टेबलांवर लाल मसाल्याचे ढीग, दोन्ही बाजूंना गुलाबी रबरी हातमोजे घातलेल्या बायका. ज्या घराची बाई जिथे बसते तिथेच दरवर्षी बसते. जागा सासूकडून सुनेकडे जाते. उन्जूच्या आईची जागा सुन्दक ताईंच्या डाव्या हाताला. मागची दोन वर्षं ताई तिथे स्वतःची टोपली ठेवायच्या म्हणजे जागा रिकामी दिसत नसे, आणि संध्याकाळी एक डबा दादांच्या दारात ठेवून यायच्या. पुरुष पाट्या उचलायचे, पाणी टाकायचे. मी आणि दादा दोघांनी धरून एक मोठी पाटी नेत होतो.

तेवढ्यात बख्तियोर आला. बाह्या दुमडल्या, टोपली उचलून खाली ठेवली आणि त्या जागेवर बसला. हातमोजे त्याच्या पंजांत अर्धेच शिरत होते. बायका फिसकन हसल्या.

“अगं बाई, हा तर कोबीला चीत करणार!”

“ए पैलवान, कोणाच्या घरचा तू?”

“उन्जूच्या आईच्या घरचा,” तो ऐटीत म्हणाला. “त्यांना बरं नाही. म्हणून त्यांच्या जागी मी.”

हसू एकदम थांबलं. ज्या बाईने विचारलं होतं ती पानांत मसाला भरू लागली. सुन्दक ताई म्हणाल्या, “बरं बरं, भर तू. बाहेरच्या पानापासून सुरू कर.”

पण तो गप्प बसणारा नव्हता. मायेने बोलत होता, तेच वाईट. “काल मी त्यांना मलम दिलं,” तो म्हणाला. “आमच्या पैलवानांचं. दादांकडे दिलं, म्हटलं आत नेऊन द्या. दुखणं फार आहे हो. काल संध्याकाळी ताट आत गेलं ना, त्यानंतर त्या रडत होत्या. तोंडावर काहीतरी दाबून रडत होत्या, पण मला ऐकू आलं. तुम्ही मैत्रिणी ना त्यांच्या? जाऊन बघा ना एकदा त्यांना.”

एकाही बाईने मान वर केली नाही. पण कोणी कोणाकडे न बघताही सगळ्यांना एकच गोष्ट कळली, की त्या खोलीत कोण रडत होतं. पाटीचं दुसरं टोक दादांच्या हातात होतं. ते टोक खाली गेलं आणि कोबी घरंगळले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी खाली वाकून कोबी गोळा करू लागलो, कारण तेवढंच करता येण्यासारखं होतं.

दादा टेबलापाशी जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, होडीवरून दोर मागावा तसा. “आत कोणी नाही. मीच होतो. ती इथे राहत नाही. मला सोडून गेलीय.”

इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या गावात पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

बख्तियोरचे हात मसाल्याने लाल झालेले, तसेच हवेत राहिले. त्याने दादांकडे पाहिलं, मग बायकांकडे, मग माझ्याकडे. “तुम्हाला माहीत होतं?”

मी हातातला कोबी पाटीत ठेवला. सुन्दक ताई म्हणाल्या, “आम्हाला सगळ्यांना माहीत होतं रे पोरा.”

“मग मी नमस्कार कोणाला केला, मालक?”

‘दादा’चं पुन्हा ‘मालक’ झालं होतं. दादांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आम्ही सगळे मिळून त्याला चार दिवस आमची संस्कृती दाखवणार होतो.

बख्तियोरने हातमोजे काढले. एकावर एक ठेवले. “ही जागा मग माझी नाही,” तो म्हणाला, उठला आणि पाट्या उचलणाऱ्या पुरुषांच्यात जाऊन उभा राहिला.

जागा आता खरंच रिकामी होती, आणि या वेळी सुन्दक ताईंनी तिथे टोपली ठेवली नाही. दादांनी सगळ्यांसमोर ते ओले हातमोजे उचलले. मग बसले. जन्मात कधी त्या ओळीत कोणी पुरुष बसलेला आम्ही पाहिला नव्हता, पाहुणे सोडून. त्यांनी कोबी घेतला आणि मसाला थापला.

“सिमेंट लावतोयस का?” सुन्दक ताई म्हणाल्या. “पानाच्या बुडाशी जास्त, वर नुसता हात फिरव. किती वर्षं खाल्लीस रे?”

“खाल्ली,” दादा म्हणाले. “बघितली नाही.”

पुढे कोणी टोमणा मारला नाही. उलट कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं, आणि मला वाटतं टोमणे त्यापेक्षा बरे गेले असते. ते काम संपेपर्यंत बसून राहिले. संध्याकाळी ताज्या किमचीबरोबर सगळे एकत्र जेवतात, तेव्हा दादा तिथे नव्हते.

मी बख्तियोरला बाजूला घेऊन म्हणालो, “तुझं सामान आणतो. आज माझ्याकडे रहा.”

त्याने विचार केला. “नको. घरात ते एकटेच आहेत ना?” तो म्हणाला. “मी एवढा रागावलोय की मला झोप येणार नाही. पण आमच्याकडे पाहुणा असा मध्येच उठून गेला, तर त्या घराची शोभा होते. तेवढी झाली तेवढी पुरे.”

पुढचं दादांनी मागाहून सांगितलं: बख्तियोर घरी पोचला तेव्हा ते दिवे लावून, पण काहीच न करता बसले होते. पायरीवरचे बूट त्यांनी आत नेले होते. दादा म्हणाले, “बाजारातलं जेवण संपलं. मला दुसरं काही येत नाही. पाकिटातल्या शेवया येतात.” बख्तियोर म्हणाला, “त्या मलाही येतात. चार वर्षं त्याच खाल्ल्या.” दोघांनी पातेल्यात अंडं फोडून शेवया केल्या आणि त्याच पातेल्यातून खाल्ल्या. खाऊन झाल्यावर दादांचा चमचा सवयीने पातेल्यावर वाजला. मग ते स्वतःच उठले आणि पाणी आणलं. दोघांसाठी.

निरोपाच्या दिवशी सभागृहासमोर फोटो होता. प्रत्येक घरचं जोडपं आणि मध्ये पाहुणा. दादांनी कडेला एकट्याने उभं राहायचं ठरवलं होतं. मी त्यांना या म्हणालो तर मान हलवली. बसजवळ बख्तियोरने पिशवीतून एक भरतकामाचं कापड काढलं. लाल-निळी, मोठाली, डाळिंबासारखी फुलं.

“माझ्या बायकोने भरलंय,” तो म्हणाला. “ती म्हणाली, ज्या बाईच्या हातचं खाशील तिला दे. आता मी हे परत नेलं, तर तिला काय सांगू? आणि तुम्हाला दिलं, तर ते तुमचं नाही.”

दादा त्या फुलांकडे बघत राहिले.

“तुम्ही नेऊन द्या,” बख्तियोर म्हणाला. “आणि खरं सांगा, की मी त्यांच्या हातचं खाल्लं नाही. फक्त त्यांच्या नावाचं खाल्लं.” मग त्याने कापड दोन्ही हातांनी पुढे केलं. दादांनीही दोन्ही हातांनी घेतलं. ‘दादा’ की ‘मालक’, काहीच न म्हणता तो बसमध्ये चढला.

पुढच्या रविवारी दादा ग्वांग्जूला गेले. सोबत कापड आणि त्यांनी स्वतः भरलेल्या किमचीचा डबा. ते परत आले तेव्हा मी धक्क्यावर होतो. ते होडीचे दोर तपासत बसले. दोर ठीकच होते.

“भेटल्या का वहिनी?” मी विचारलं.

“घंटा वाजवली. दार उघडलं नाही. उन्जूला फोन केला, ती म्हणाली, ‘बाबा, ती घरीच आहे, पण तिला नको आहे. मी काय करू?’”

“मग?”

“मग कापड दाराच्या मुठीला बांधलं. डबा खाली ठेवला.” त्यांनी एक गाठ सोडली आणि पुन्हा मारली. “आणि नमस्कार केला.”

“कसा?”

“तसाच. त्याने केला तसा.”

मला ते दिसलं. मोठ्या इमारतीतला लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना सारखी दारं, आणि सदुसष्टीला आलेला माणूस थंड फरशीवर कपाळ टेकून. आमच्याकडे नवरा बायकोपुढे असा एकदाच वाकतो, लग्नाच्या दिवशी, आणि तेव्हा तीही वाकते.

“समोरच्या दारातून एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन निघाली,” दादा म्हणाले. “मला बघून पुन्हा आत गेली.”

“काही बोललात का, दाराशी?”

“त्याला बोलता आलं. मला नाही आलं. मी नुसता वाकून राहिलो.”

“आत ऐकू आलं असेल का त्यांना?”

“टीव्हीचा आवाज येत होता,” दादा म्हणाले. गाठ आवळून म्हणाले, “मध्ये बंद झाला.”

या गोष्टीला आता दोन महिने झाले. गावात ‘नातवाला सांभाळायला’ असं कोणी म्हणत नाही. सुन्दक ताई दादा दिसले की एकच विचारतात, “डबा आला का रे परत?” आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, काहीतरी घालून पाठवतात. रिकामा आला, तर त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

“नाही आला,” दादा म्हणतात.

“मग खात असेल,” ताई म्हणतात. “तुझ्या हातची ती सिमेंटची किमची संपायला वेळ लागणारच.”

दादा हसत नाहीत. रोज दुपारची बस धक्क्यापाशी थांबते तेव्हा त्यांना तिथे काहीतरी काम निघतं. चालक दार उघडतो, लोक उतरतात, पार्सलं खाली येतात. दादा तिथवर येतात, नावं वाचायला वाकतात, आणि कोणी आपल्याकडे बघतंय असं लक्षात आलं, की बुटाची नाडी बांधू लागतात. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत.